दूरवर पाहणारे बेट : माल्टाचा वेढा आणि टेहळणी वैमानिक एड्रियन वॉरबर्टन

भूगोलाने दिलेले महत्त्व

सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर, भूमध्य समुद्राच्या मध्यभागी असलेल्या माल्टा या बेटाचे क्षेत्रफळ २५० चौरस किलोमीटरहूनही कमी, म्हणजे बृहन्मुंबईहूनही बरेच कमी आहे. तरीही १९४० ते १९४२ या काळात उत्तर आफ्रिकेतील युद्धाचे पारडे कोणत्या बाजूला झुकणार, हे बऱ्याच अंशी या चुनखडीच्या खडकावर ठरत होते. ब्रिटिशांचे जिब्राल्टर आणि अलेक्झांड्रिया हे दोन मोठे नाविक तळ माल्टापासून पश्चिमेला आणि पूर्वेला प्रत्येकी दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर होते. त्यांच्या दरम्यान ब्रिटिश आरमाराला आणि हवाई दलाला आसरा देणारी दुसरी जागा नव्हती. उलट इटलीतील बंदरांतून लिबियातील त्रिपोली आणि बेनगाझीकडे जाणारा उत्तर-दक्षिण सागरी मार्ग माल्टाच्या टप्प्यात येत होता. लिबियात लढणाऱ्या इटालियन आणि जर्मन सैन्याला लागणारे पेट्रोल, दारूगोळा, रणगाडे आणि अन्न समुद्रमार्गेच येत असल्याने, हा मार्ग रोखू शकणारे बेट शत्रूला डोळ्यांसमोर नको होते.

इटलीने १० जून १९४० रोजी युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी माल्टावर पहिले बॉम्ब पडले. पुढे जो वेढा पडला, तो जुन्या काळातील किल्ल्याच्या वेढ्यासारखा तटाला सैन्याने वेढण्याचा नव्हता. सिसिलीतील तळांवरून होणारे बॉम्बहल्ले, बंदराच्या तोंडाशी पेरलेले सुरुंग आणि येणाऱ्या प्रत्येक मालवाहू जहाजावर तुटून पडणारी विमाने व पाणबुड्या, अशा तीन अंगांनी तो आवळला जात होता. सुमारे पावणेतीन लाख वस्तीच्या या बेटाला स्वतःपुरतेही धान्य पिकवता येत नव्हते आणि इंधन तर सगळेच बाहेरून येत होते. त्यामुळे शत्रूची रसद तोडणे आणि स्वतःची रसद आत आणणे ही बचावाची दोन अविभाज्य अंगे झाली. या दोन्ही कामांसाठी बेटावर असलेली साधने अत्यंत तुटपुंजी होती: काही पाणबुड्या, मोजकी बॉम्बफेकी विमाने आणि अधूनमधून येऊन राहणाऱ्या थोड्याशा युद्धनौका. अशा तुटपुंज्या बळाला अंधारात चाचपडणे परवडत नाही. शत्रूचे कोणते जहाज कोणत्या बंदरात आहे, ते कधी निघाले आणि कोणत्या दिशेला वळले, हे आधी कळले तरच एक पाणबुडी किंवा सहा विमाने नेमक्या जागी पाठवता येतात. म्हणूनच माल्टाच्या बचावाचा इतिहास हा तोफा आणि लढाऊ विमानांइतकाच टेहळणीचा, म्हणजे शत्रूची माहिती प्रत्यक्ष पाहून आणण्याच्या कामाचा, इतिहास आहे.

सरासरीहून कमी ठरलेला वैमानिक

या टेहळणीशी जे नाव कायमचे जोडले गेले, ते एड्रियन वॉरबर्टन यांचे. त्यांचा जन्म १० मार्च १९१८ रोजी इंग्लंडमधील मिडल्सबरो येथे झाला. वडील ब्रिटिश नौदलाच्या पाणबुडी विभागात अधिकारी असल्याने त्यांचा बाप्तिस्मा माल्टाच्या ग्रँड हार्बर या बंदरात एका पाणबुडीवर झाला होता. १९३९ मध्ये हवाई दलात दाखल झाल्यावर प्रशिक्षणात त्यांच्या उड्डाणकौशल्याला सरासरीहून कमी असा शेरा मिळाला आणि विमान जमिनीवरून उठवताना व उतरवताना त्यांची तारांबळ उडत असे. सप्टेंबर १९४० मध्ये ४३१ क्रमांकाच्या छोट्या टेहळणी तुकडीबरोबर ते माल्टाला आले, तेही वैमानिक म्हणून नव्हे, तर नकाशा पाहून मार्ग ठरवणारा दिशादर्शक म्हणून. तुकडीतील काही वैमानिक आजारी पडल्यामुळे विमान चालवण्याची संधी त्यांना मिळाली.

या तुकडीकडे मार्टिन मेरीलँड जातीची विमाने होती. ही अमेरिकन बनावटीची दोन इंजिनांची विमाने मुळात फ्रान्सने मागवली होती आणि फ्रान्सच्या पाडावानंतर ती ब्रिटनकडे आली. वेगवान आणि लांब पल्ल्याची असली तरी धावपट्टीवर वेग घेताना ती एका बाजूला ओढली जात, आणि वॉरबर्टन यांची सुरुवातीची उड्डाणे पाहणाऱ्यांचा जीव त्यामुळे टांगणीला लागत असे. मात्र एकदा हवेत गेल्यावर त्यांच्यात वेगळीच स्थिरता येत असे. सांगितलेले लक्ष्य सापडेपर्यंत परतायचे नाही, ढग आडवे आले तर ढगांखाली उतरायचे आणि एकदा पाहिल्याने खात्री झाली नाही तर पुन्हा जाऊन पाहायचे, ही त्यांची रीत होती. प्रशिक्षणात ज्या गोष्टी मोजल्या जात होत्या त्या आणि टेहळणीला ज्या गोष्टी लागत होत्या त्या एक नव्हत्या, ही बाब त्यांच्या कारकिर्दीतून स्पष्ट होते.

तारांतो

या रीतीचे मोल नोव्हेंबर १९४० मध्ये कळून आले. इटालियन आरमाराच्या मोठ्या युद्धनौका दक्षिण इटलीतील तारांतो बंदरात होत्या आणि ‘इलस्ट्रियस’ या विमानवाहू नौकेवरून रात्री पाणतीर टाकणारी विमाने पाठवून त्यांच्यावर हल्ला करण्याचा बेत ब्रिटिश नौदलाने आखला होता. पाणतीर म्हणजे पाण्याखालून जहाजाकडे धावणारे स्फोटक अस्त्र; ते टाकण्यासाठी विमानाला पाण्याच्या पृष्ठभागाजवळ यावे लागते, त्यामुळे बंदरातील प्रत्येक जहाजाची जागा, तोफांच्या जागा आणि अडथळे यांची माहिती आधी हवी होती. माल्टाच्या मेरीलँड विमानांनी ती पुरवली. त्यांनी आणलेल्या छायाचित्रांवर काही बारीक पांढरे ठिपके दिसत होते. निगेटिव्हवरील डाग म्हणून ते दुर्लक्षिले जाण्याचीही शक्यता होती, पण हे अडथळ्याचे फुगे आहेत, म्हणजे खाली पोलादी दोर लोंबते ठेवून हवेत सोडलेले आणि कमी उंचीवरील विमानांचे पंख कापू शकणारे फुगे आहेत, हे विश्लेषकांनी ओळखले. त्यानुसार विमानांचे मार्ग आखण्यात आले.

हल्ल्याच्या अगदी आधीच्या फेरीत हवामान खराब असल्याने उंचीवरून छायाचित्रे घेणे शक्य नव्हते, तेव्हा वॉरबर्टन बंदरात अतिशय खाली उतरले आणि त्यांनी व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी युद्धनौका डोळ्यांनी मोजल्या. मोजणीत एकमत होईना, म्हणून तोफा धडधडत असतानाही ते पुन्हा बंदरावर गेले आणि पाच युद्धनौका असल्याची खात्री करूनच परतले. सहावी युद्धनौका नंतर बंदरात शिरली आणि तिची नोंद दुसऱ्या एका टेहळणी विमानाने केली. ११ नोव्हेंबरच्या रात्री २१ स्वोर्डफिश विमानांनी दोन लाटांत हल्ला चढवला. दोन पंखांची, कापडी आवरणाची ती संथ विमाने होती, पण कोठे जायचे हे त्यांच्या चालकांना पक्के ठाऊक होते. ‘कोंते दी काव्हूर’ ही युद्धनौका बुडाली, ‘लित्तोरिओ’ आणि ‘कायो दुइलिओ’ यांचे जबर नुकसान झाले आणि ब्रिटिशांची दोनच विमाने गेली. एका रात्रीत इटलीच्या निम्म्या मोठ्या युद्धनौका निकामी झाल्या.

आकाशातून घेतलेले छायाचित्र कसे वाचतात

टेहळणी म्हणजे उडत जाऊन फोटो काढणे, एवढाच समज असेल तर या कामातील अवघडपणा ध्यानात येत नाही. महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, ब्रिटिश हवाई दलातील मॉरिस लाँगबॉटम या तरुण अधिकाऱ्याने असा विचार मांडला की टेहळणी विमानाने लढण्याचा विचारच सोडून द्यावा. तोफा आणि जड सामान काढून टाकावे, त्या जागी इंधन व कॅमेरे भरावेत आणि उंची व वेग यांच्यावरच जिवाची भिस्त ठेवावी. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन यांच्या हाताखाली हा विचार प्रत्यक्षात आला आणि त्यातून निःशस्त्र, निळसर रंगाची, पंखांच्या पुढच्या कडेत जादा इंधन भरलेली स्पिटफायर विमाने तयार झाली. १९४२ मध्ये माल्टाहून होणाऱ्या टेहळणीचा मुख्य भार याच विमानांवर होता.

अशा विमानाच्या पोटात कॅमेरा सरळ खाली तोंड करून बसवलेला असतो. छायाचित्राचे प्रमाण, म्हणजे जमिनीवरील अंतर कागदावर किती लहान होते ते, दोन गोष्टींवर ठरते: भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा स्पष्ट उमटते तेथपर्यंतचे अंतर, आणि विमानाची उंची. नाभीय अंतर २० इंच असलेले भिंग घेऊन ३०,००० फुटांवरून छायाचित्र घेतले, तर प्रमाण १:१८,००० येते. म्हणजे १८० मीटर लांबीची क्रूझर युद्धनौका निगेटिव्हवर जेमतेम एक सेंटीमीटर भरते. एफ-२४ या त्या काळातील प्रचलित कॅमेऱ्याची निगेटिव्ह पाच इंच चौरस असे, त्यामुळे या उंचीवरून एका छायाचित्रात सव्वादोन किलोमीटरच्या आसपास रुंदीचा पट्टा मावत असे.

लागोपाठच्या दोन छायाचित्रांत सुमारे ६० टक्के भाग सामाईक यावा, असा नियम होता. त्यामागचे कारण असे की एकच जागा थोड्या वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपलेली अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून, म्हणजे दोन भिंगांच्या एका साध्या चौकटीतून, पाहिली की दोन डोळ्यांना दोन चित्रे दिसतात आणि मेंदू त्यांतून खोली व उंची जुळवतो. इमारती उभ्या राहतात, जहाजाचे डोलकाठीसकट सगळे मजले वर येतात आणि सपाट चित्रात न कळणारी तोफेची खाच खोलगट दिसू लागते. हे साधण्यासाठी ताशी साडेपाचशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानातील कॅमेरा वरील उदाहरणात साधारण दर सहा सेकंदांनी चालावा लागतो, आणि त्या सबंध काळात विमान नाकासमोर, एका उंचीवर, पंख समतल ठेवून न्यावे लागते. पंख एका अंशाने जरी कलले, तरी ३०,००० फुटांवरून कॅमेऱ्याची नजर जमिनीवर सुमारे १६० मीटर सरकते आणि हवे असलेले धक्के वा गोदामे चित्राबाहेर जातात. खालून तोफांचे गोळे फुटत असताना आणि शत्रूची लढाऊ विमाने वर चढत असताना वळून निसटण्याची उपजत इच्छा दाबून सरळ रेषेत जात राहणे, हेच टेहळणी वैमानिकाचे खरे कसब होते. वॉरबर्टन यांच्याकडे ते असामान्य प्रमाणात होते.

विमान परतल्यावर काम संपत नव्हते. फिल्म धुऊन विश्लेषकांच्या हाती गेली की पहिल्या टप्प्यात काही तासांच्या आत तातडीची माहिती काढली जाई: कोणते जहाज हलले, कोणत्या विमानतळावर विमाने वाढली. त्यानंतरच्या टप्प्यांत अधिक सावकाश अभ्यास होई. एका दिवसाच्या छायाचित्रावरून फारसे कळत नसे. तेच बंदर कालच्या, परवाच्या आणि आठवड्यापूर्वीच्या छायाचित्रांशेजारी ठेवले की कोणते जहाज माल भरून पाण्यात खोल बसले आहे आणि कोणते निघण्याच्या तयारीत आहे याचा अंदाज बांधता येई. म्हणूनच टेहळणी ही एखाद्या धाडसी फेरीची गोष्ट नसून दररोजच्या सातत्याची गोष्ट होती.

पाहण्याचे सोंग

माल्टाच्या टेहळणीला आणखी एक काम होते, जे त्या काळी वैमानिकांनाही सांगितले गेले नव्हते. १९४१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथील संकेतभेदकांनी इटालियन नौदलाच्या सी-३८ एम या यंत्राची गुप्तलिपी फोडली. ताफा, म्हणजे लढाऊ जहाजांच्या संरक्षणात एकत्र जाणारी मालवाहू जहाजे, केव्हा आणि कोठून निघणार, हे त्या संदेशांतून आधीच कळू लागले. परंतु दर वेळी ब्रिटिश नौका अचूक जागी उगवू लागल्या असत्या, तर लिपी फुटल्याचा शत्रूला संशय आला असता आणि हा अमूल्य स्रोत बंद पडला असता. त्यामुळे हल्ल्यापूर्वी एखादे टेहळणी विमान त्या भागात पाठवावे आणि ताफ्याला ते दिसू द्यावे, अशी पद्धत ठरली. आपण विमानाच्या नजरेस पडलो म्हणून हल्ला झाला, असे शत्रूने समजावे, हा त्यामागील हेतू होता.

याचे ठळक उदाहरण म्हणजे नोव्हेंबर १९४१ मधील ‘डुइसबुर्ग’ ताफा. ४३१ तुकडीचे रूपांतर जानेवारी १९४१ मध्ये ६९ व्या स्क्वाड्रनमध्ये झाले होते; तिच्या एका मेरीलँड विमानाने ८ नोव्हेंबर रोजी हा ताफा पाहिला आणि त्याच संध्याकाळी ‘फोर्स के’ हे नाविक पथक, म्हणजे ‘अरोरा’ व ‘पेनेलोपी’ या क्रूझर आणि ‘लान्स’ व ‘लाइव्हली’ या विनाशिका, माल्टाहून निघाले. मध्यरात्रीनंतर रडारच्या मदतीने ताफा गाठून त्यांनी सातही मालवाहू जहाजे बुडवली आणि एकाही जहाजाला धक्का न लागता ते परतले. त्या महिन्यात लिबियाकडे निघालेल्या रसदीपैकी ६० टक्क्यांहून अधिक माल समुद्रातच गेला. हे यश संकेतभेदकांचे, खलाशांचे आणि टेहळणी वैमानिकांचे मिळून होते, आणि वैमानिकांच्या फेऱ्या केवळ देखाव्याच्या नव्हत्या; कारण गुप्त संदेशातून ताफ्याचा बेत कळला, तरी तो प्रत्यक्षात त्या घटकेला कोठे आहे हे पाहिल्यावाचून कळत नसे.

१९४२ : उपासमारीच्या उंबरठ्यावर

अशा नुकसानीनंतर जर्मनीने फील्ड मार्शल केसेलरिंग यांच्या अधिपत्याखाली हवाई दल सिसिलीत आणले आणि १९४२ च्या वसंतात माल्टावर महायुद्धातील सर्वांत तीव्र बॉम्बवर्षावांपैकी एक झाला. एकट्या एप्रिल महिन्यात बेटावर ६,००० टनांहून अधिक बॉम्ब पडले. लोक मऊ चुनखडीत खोदलेल्या भुयारांत राहू लागले. १५ एप्रिल १९४२ रोजी सबंध बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक देण्यात आले, पण पदकाने पोट भरत नव्हते. शिधा घटत गेला आणि सामुदायिक स्वयंपाकघरांतून मिळणाऱ्या पातळ अन्नावर कुटुंबे दिवस काढू लागली. संपूर्ण वेढ्यात सुमारे दीड हजार नागरिक मृत्युमुखी पडले.

माल्टा दुबळे झाले की आफ्रिकेत काय घडते, हे याच महिन्यांत दिसले. तळावरील विमाने आणि पाणबुड्या हटवाव्या लागल्याने शत्रूची रसद पुन्हा सुरळीत वाहू लागली, आफ्रिकेतील जर्मन सेनापती रोमेल यांची आगेकूच सुरू झाली आणि २१ जून १९४२ रोजी लिबियातील तोब्रुक पडले. तोब्रुकमध्ये युद्धकैदी झालेल्यांत अकराव्या भारतीय ब्रिगेडमधील पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर अशा भागांतून भरती होणाऱ्या रेजिमेंटच्या जवानांचे नशीब अशा रीतीने एका दूरच्या बेटावरील इंधनाच्या साठ्याशी बांधले गेले होते.

ऑगस्टमध्ये माल्टाला रसद पोहोचवण्यासाठी ‘पेडेस्टल’ मोहीम निघाली. जिब्राल्टरकडून निघालेल्या १४ मालवाहू जहाजांपैकी फक्त पाच माल्टाला पोहोचली. ‘ईगल’ ही विमानवाहू नौका पाणबुडीने बुडवली. शेवटच्या टप्प्यात इटालियन क्रूझरांचे पथक ताफ्याच्या उरल्यासुरल्या जहाजांवर चाल करून येत होते. त्या रात्री माल्टाहून गेलेल्या टेहळणी विमानांनी या क्रूझर शोधून त्यांच्यावर प्रकाशगोळे सोडले आणि साध्या, सांकेतिक नसलेल्या भाषेत बिनतारी संदेश देऊन, अस्तित्वातच नसलेल्या बॉम्बफेकी विमानांना हल्ल्यासाठी बोलावण्याचे नाटक केले. क्रूझर माघारी वळल्या. त्यांच्या रक्षणाला लढाऊ विमाने कोणी द्यायची यावर जर्मन आणि इटालियन सेनाधिकाऱ्यांत मतभेद होते आणि माघारीचे तेही एक मोठे कारण होते. पण आपण पाहिले गेलो आहोत, या जाणिवेचाही त्यात वाटा होता. १५ ऑगस्ट रोजी ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज, दोन्ही बाजूंना बांधलेल्या विनाशिकांच्या आधाराने, बुडता बुडता ग्रँड हार्बरमध्ये आणले गेले. तो सांता मारिया, म्हणजे मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण होता, आणि माल्टाचे लोक त्या ताफ्याला आजही सांता मारियाचा ताफा म्हणतात.

मध्यंतरी इतरत्र बदली झालेले वॉरबर्टन याच ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा माल्टात दाखल झाले आणि ६९ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख बनले. नोव्हेंबरमध्ये ट्युनिशियातील बिझर्तावर गेलेले त्यांचे विमान जखमी झाले आणि ते मारले गेले असे माल्टात समजले गेले. प्रत्यक्षात ते अल्जीरियातील बोन येथे उतरून जिब्राल्टरमार्गे दुसरे स्पिटफायर घेऊन काही दिवसांनी परतले. त्यांची मैत्रीण क्रिस्टिना रॅटक्लिफ ही मूळची रंगमंचावरील नर्तकी. वेढ्यात माल्टात अडकल्यावर ती राजधानी व्हॅलेटाच्या पोटातील लास्कारिस भुयारात हवाई दलाच्या नियंत्रणकक्षात काम करू लागली. तेथे मोठ्या मेजावर भूमध्य समुद्राचा नकाशा पसरलेला असे आणि रडारकेंद्रांकडून कानावर येणाऱ्या आकड्यांप्रमाणे विमानांच्या खुणा त्यावर सरकवल्या जात. या कामासाठी तिला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले.

बचावाकडून चढाईकडे

मे १९४३ मध्ये ट्युनिशियातील जर्मन-इटालियन सैन्य शरण आले आणि माल्टाचे काम पालटले. फेब्रुवारीत स्थापन झालेल्या ६८३ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख म्हणून वॉरबर्टन यांनी पांतेलेरिया बेटाच्या आणि सिसिलीच्या किनाऱ्याची छायाचित्रे घेतली. सैन्य उतरवायच्या किनाऱ्यावरील उतार, तटबंदी आणि तोफा नीट कळाव्यात म्हणून ही छायाचित्रे अत्यंत कमी उंचीवरून घ्यावी लागली. १० जुलै १९४३ रोजी सिसिलीत सैन्य उतरले आणि सप्टेंबरमध्ये शरण आलेल्या इटालियन युद्धनौका माल्टात नांगरल्या. ‘इतालिया’ हे नवे नाव धारण केलेली ‘लित्तोरिओ’ आणि दुरुस्त झालेली ‘कायो दुइलिओ’ त्यांत होत्या.

त्या वर्षाच्या अखेरीस वॉरबर्टन जीपच्या अपघातात गंभीर जखमी झाले. १२ एप्रिल १९४४ रोजी ते इंग्लंडमधील माउंट फार्म येथून अमेरिकन लाइटनिंग टेहळणी विमान घेऊन जर्मनीवर गेले आणि परतले नाहीत. वय होते २६. पुढील ५८ वर्षे त्यांच्याविषयी नाना तर्क होत राहिले; २००२ मध्ये बव्हेरियातील एग्लिंग या गावाजवळच्या शेतात जमिनीखाली त्यांच्या विमानाचे अवशेष सापडले आणि २००३ मध्ये ड्युर्नबाख येथील युद्ध-दफनभूमीत त्यांचा दफनविधी झाला.

डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर दोनदा आणि डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस तीनदा मिळवणाऱ्या या वैमानिकाभोवती दंतकथांचे वलय तयार होणे स्वाभाविक होते. तथापि त्यांच्या कामाचे खरे मूल्य धाडसाच्या कथांत नसून, त्यांनी आणलेल्या माहितीवर इतरांना भरवसा ठेवता येत होता यात आहे. पाणबुडीचा कप्तान, पाणतीर टाकणारा वैमानिक, ताफ्याचा मार्ग ठरवणारा अधिकारी हे सर्व जण आपल्या माणसांचे जीव त्या छायाचित्रांच्या आधारे पणाला लावत असत, आणि एक चुकीची मोजणीसुद्धा शेकडो जणांचा घात करू शकली असती. तारांतोच्या बंदरावर पुन्हा जाऊन जहाजे मोजण्याचा निर्णय याच जबाबदारीतून आला होता. फिल्म धुणारे, भिंगातून ठिपके तपासणारे, संदेश उलगडणारे आणि भुयारात खुणा सरकवणारे यांची साखळी त्या निर्णयाला अर्थ देत होती. संख्येने आणि साधनांनी दुबळ्या असलेल्या माल्टाने वेढा सोसला तो उपाशी नागरिकांच्या चिकाटीमुळे. पण शत्रूला उलट घाव घालण्याची ताकद त्या बेटाला मिळाली, ती खातरजमा केलेल्या माहितीमुळे.